सहाखालची रेघ

मॅडमनी पोलादाचे दोन तुकडे एकमेकांत बसवले, अंगठ्याने दाबले आणि समोरच्या मुलीच्या डोळ्यांपुढे खिडकीच्या दिशेने उंच धरले.

"बघ. फटीतून उजेड दिसतोय?"

मुलीने एक डोळा मिटला. वरच्या तुकड्याला व्ही आकाराची जीभ होती, खालच्याला तशीच खाच, आणि दोन्ही एकमेकांत अशी बसली होती की सांधा कुठे आहे ते बोटालाही कळू नये.

"नाही मॅडम."

"कुठेच नाही?"

"कुठेच नाही."

"हा माझा जॉब. पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये घडवलेला. अठरा वर्षांची होते. सहासष्ट जणांच्या वर्गात आम्ही दोन मुली, आणि फिटिंगमध्ये सगळ्यांत जास्त मार्क ह्याला. मशीन नाही, काही नाही. एक कानस आणि हे दोन हात."

मुलीने मान डोलावली. दुसऱ्याच्या नातवंडांचे फोटो बघताना माणसं डोलावतात तशी. मग जॉब सांभाळून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "ह्याचे क्रेडिट मिळतात का मॅडम?"

"क्रेडिट नाहीत. प्रमाणपत्र मिळतं."

"आणि शनिवारीच असतं?"

"आठ शनिवार. दहा ते एक."

"शनिवारी माझा प्लेसमेंटचा क्लास असतो. बुडवला की घरी फोन जातो." ती जरा थांबली, आणि नकार फारच उघडावाघडा दिसू नये म्हणून म्हणाली, "पण तुमचा जॉब एकदम भारी आहे."

ती गेली. मॅडमनी जॉब उचलून कोऱ्या फॉर्मांच्या गठ्ठ्यावर ठेवला. डोक्यावरचा पंखा जुना होता, कागदांवर वजन नसेल तर ते सरळ वर्कशॉपभर फिरून येत.

सोमवारपासून हे टेबल वर्कशॉपच्या दारात होतं. मागे भिंतीवर पोस्टर, त्यावर हेल्मेट घातलेली एक हसरी मुलगी. ती कोणत्या यंत्रापुढे उभी आहे हे पोस्टर छापणाऱ्यालाही ठाऊक नसावं. आज शुक्रवार. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि विभागप्रमुखांनी मुदत दिली होती पाचची.

तसं बघायला गेलं तर मागणं काही फार मोठं नव्हतं. कॉलेजातल्या चार मुलींनी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मुलींच्या शाळेत जायचं, आठवीच्या बेचाळीस पोरींपुढे सायकलचा पंप, नळ, मिक्सर असं काहीबाही खोलायचं, ते त्यांच्याकडून परत जोडून घ्यायचं, आणि शेवटच्या शनिवारी त्यांना इथे आणून एकेकीच्या हातात कानस द्यायची. अकरा वर्षं मॅडम हे चालवत होत्या. पहिल्या वर्षी फॉर्म कमी पडले होते, इतक्या मुली आल्या होत्या. आता फॉर्म उरत होते. मागच्या बैठकीत विभागप्रमुखांनी विचारलं होतं, त्या शाळेतून आजवर किती मुली इंजिनिअरिंगला आल्या. मॅडम म्हणाल्या, सात. त्यांतल्या किती आज यंत्रांवर काम करतात, हे त्यांनी विचारलं नाही आणि मॅडमनी आपणहून सांगितलं नाही. ते बरंच झालं, कारण मोजायला एक बोटही लागलं नसतं.

"चार म्हणजे चार," विभागप्रमुख म्हणाले होते. "दहा मुलींमागे एक तरी हवी, नाहीतर जबाबदारी कोण घेणार. शुक्रवारी पाचला चार सह्या नसतील तर शाळेला कळवून टाका. आणि एकदा बंद झालं की पुन्हा पुढच्या वर्षी माझ्याकडे येऊ नका."

आतापर्यंत तीन सह्या झाल्या होत्या. एकीला प्रमाणपत्र हवं होतं. एकीला शनिवारी हॉस्टेलवर करमत नव्हतं, हे तिने स्वतःच सांगून टाकलं. आणि तिसरी, पहिल्या वर्षाची, जॉबची गोष्ट ऐकता ऐकता डोळे पुसायला लागली होती. मॅडमना खरं तर त्या तिसरीचीच जास्त काळजी वाटत होती.

आत, खिडकीजवळच्या व्हाइसच्या पकडीपाशी, रेघमामा कशावर तरी कानस मारत होते. ते वर्कशॉपचे फिटर. दोन महिन्यांत निवृत्त होणार होते. पोरांच्या चार-चार पिढ्यांना त्यांनी पोलाद सपाट करायला शिकवलं, पण नाव पडलं ते एका रेघेवरून. जॉब जमा करताना त्याच्या दोन्ही तुकड्यांच्या कोपऱ्यात इंग्रजी आकड्यांत रोल नंबर ठोकायचा असतो. आकडे ठोकायच्या पंचांच्या डब्यात नवाचा पंच वेगळा नसतो, सहाचाच उलटा धरून ठोकतात. मामांचा दंडक असा की सहा असो की नऊ, त्याखाली छिन्नीने रेघ हवी. रेघ नसेल तर जॉब परत. मग तो कितीही चांगला असो, कोणाच्याही मुलाचा असो. पोरं म्हणत, मामा स्वतःच्या जेवणाच्या डब्यावरसुद्धा रेघ मारतात. मामांना त्याचं काही वाटत नसे. ते कोणालाच नावाने ओळखत नसत, रोल नंबरने हाक मारत, आणि मॅडम इथे शिकवायला लागून पंधरा वर्षं झाली तरी घाईत असले की मॅडमनाही ते 'एकसष्ट' म्हणून जात.

साडेतीनला शेवटच्या वर्षाची एक मुलगी आली. मॅडमनी तिला निरोप पाठवून बोलावून घेतलं होतं. हुशार पोरगी, तोंडावर बोलणारी. सहा महिन्यांच्या ट्रेनिंगवरून नुकतीच परत आली होती. मॅडमनी फॉर्म पुढे सरकवला. तिने तो वाचला आणि तसाच मागे सरकवला.

"राग मानू नका मॅडम. पण मला नाही जमणार."

"वेळ नाही?"

"वेळ आहे." तिने खुर्ची ओढून घेतली. "आम्ही पाच जण गेलो होतो ट्रेनिंगला. चौघांना पहिल्याच दिवशी शॉपवर, यंत्रांपाशी पाठवलं. मला ऑफिसात बसवलं, फायली लावायला. मी विचारलं तर साहेब म्हणाले, तिकडे बायकांसाठी बाथरूम नाही. मी म्हटलं, मी इथलं वापरीन, चालत जाईन. म्हणाले, कशाला त्रास करून घेतेस. सहा महिने मॅडम. सहा महिन्यांत मी एक नट फिरवला नाही. आता त्या आठवीच्या पोरींना जाऊन सांगू की या, इथे खूप छान आहे? खोटंच बोलायचं तर त्यासाठी शनिवार कशाला घालवू?"

मॅडमचा हात सवयीने जॉबकडे गेला. "म्हणून तर हा दाखवायचा असतो त्यांना. मलाही कोणी सहज उभं केलं नव्हतं."

"तुमचं वेगळं होतं मॅडम," ती उठत म्हणाली. आवाजात चेष्टा नव्हती. "तुमच्या हातातच होतं ते. सगळ्यांच्या नसतं."

ती गेल्यावर मॅडमनी फॉर्म उचलून गठ्ठ्यात परत लावला. त्यांना वाईट वाटलं, आणि त्याहून वाईट हे वाटलं की तिच्या बोलण्यात खोडून काढण्यासारखं काही सापडत नव्हतं. अशा वेळी त्यांना हा जॉबच आधाराला लागत असे. पहिलं वर्ष संपलं तेव्हा वडिलांनी शाखा बदलण्याचा अर्ज भरून ठेवला होता, फक्त सही राहिली होती. त्या संध्याकाळी मॅडमनी जॉब त्यांच्यापुढे ठेवला. वडिलांनी तो दिव्यापुढे धरला, फिरवून फिरवून पाहिला आणि अर्जाची घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकली. नंतर पहिल्या मुलाखतीत 'आम्हाला पुरुष उमेदवार हवा होता' हे ऐकून आल्या तेव्हा, इथे लागल्यावर वर्कशॉप दुसऱ्याकडे आणि ह्यांच्याकडे नुसते लेखी विषय आले तेव्हा, दर वेळी घरी जाऊन हात ह्याच्यावरच ठेवलेला. मॅडम म्हणून जे काही आज ह्या खुर्चीत बसलं होतं, त्याचा पाया ह्या पाव किलो पोलादाचा होता.

चार वाजले, सव्वाचार झाले. दोघी-तिघी पोस्टर वाचून पुढे गेल्या. एकीने विचारलं, झेरॉक्स कुठे मिळेल.

साडेचारला गुण्या आली.

गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं अवजार. दुसऱ्या वर्षाच्या मेकॅनिकलला ही एकटीच मुलगी, आणि दिसेल त्या गोष्टीला गुण्या लावून बघायची हिला खोड, म्हणून मुलांनी तिचंच नाव गुण्या पाडलं होतं. तीही त्या नावाला ओ द्यायची. आज सकाळी मॅडमनी तिच्या वर्गात जॉब फिरवला होता. शेवटच्या बाकावर तो हिच्या हातात गेला आणि तास संपेपर्यंत परत आला नाही. दुपारच्या प्रॅक्टिकलला मात्र ती नव्हती. आत्ता ती धापा टाकत होती आणि खांद्याला कापडी पिशवी होती.

"सही करायला आलीस?" मॅडमनी विचारलं. आवाजातली आशा त्यांना स्वतःलाच जरा ओशाळवाणी वाटली.

"हो. म्हणजे, आले त्यासाठीच. पण आधी एक विचारायचं होतं."

तिने फॉर्मांवरचा जॉब उचलला आणि टेबलावर आडवा ठेवला. कोपऱ्यात ठोकलेल्या दोन इंग्रजी आकड्यांवर बोट टेकवलं.

"हा नंबर असा वाचायचा?"

"हो. एकसष्ट. माझा रोल नंबर."

"की असा?" तिने जॉब जागच्या जागी अर्धा फिरवला. आता तिथे एकोणीस लिहिलं होतं.

मॅडम हसल्या. "तेव्हा रेघ नव्हती गं. ती पद्धत नंतर आली."

खिडकीजवळचा कानशीचा आवाज थांबला.

गुण्याने पिशवीतून जुन्या ओढणीच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि टेबलावर सोडवलं. दुसरा जॉब होता. तसाच व्ही, तीच जाडी. कडांना गंज, एका अंगाला फरशीवर घासल्याचे पांढरे ओरखडे. कोपऱ्यात आकडे, आणि तेही तसेच, बिनरेघेचे.

"हा आमच्या घरी असतो," ती म्हणाली. "वाऱ्याने दार आपटू नये म्हणून लावतो. आईचा आहे. म्हणजे, आई म्हणते तिचा नाही."

"तुझी आई?"

"इथेच होती. एकच वर्ष. एकोणीस नंबर."

मॅडमना एकोणीस आठवली. वर्गातली दुसरी मुलगी. दोघींना एकच टेबल दिलं होतं, व्हाइस समोरासमोर. ती कमी बोलायची आणि कानस मारताना जीभ जराशी दातांत धरायची. आपल्या बाजूने जो आकडा एकसष्ट, तो तिच्या बाजूने एकोणीस, ह्यावरून दोघी एकदा हसल्याही होत्या. वर्ष संपल्यावर ती दिसली नाही. वर्कशॉपमध्ये नापास झाली, घरच्यांनी काढून घेतली, असं कानावर आलं होतं. मॅडमना तेव्हा वाईट वाटलं होतं. फार दिवस नाही.

त्यांनी गंजलेला जॉब हातात घेतला. उजेडापुढे धरायची गरजच पडली नाही. डाव्या कडेला एक तिरका ओरखडा होता. जॉब घडवताना तिसऱ्या दिवशी मॅडमच्या हातातून हॅक्सॉची करवत सटकली होती आणि हा ओरखडा पडला होता, आणि मॅडम बाथरूममध्ये जाऊन रडून आल्या होत्या. तेवीस वर्षांनी स्वतःचं अक्षर दिसावं तसा तो त्यांना दिसला. तरीही त्यांनी जॉब खिडकीकडे धरला. व्हीच्या एका बाजूने उजेडाची रेघ आत आली, वर केसाएवढी, खाली नखाएवढी.

"आमच्याकडे ना," गुण्या टेबलाकडे बघत बोलत होती, "कोणी काही नाकबूल केलं, कप फोडला, दिवा चालू ठेवला, की सगळे म्हणतात, हो हो, तुझा नाही, एकसष्टचा आहे. बाबा म्हणतात, मी म्हणते. आई पण हसते. मला वाटायचं एकसष्ट म्हणजे असंच काहीतरी, उगाच. आज वर्गात तुम्ही म्हणालात ना, माझा रोल नंबर एकसष्ट..."

तिने टेबलावरचा चांगला जॉब मॅडमपुढे सरकवला.

"तिने सांगितलं नव्हतं कोणाला?" मॅडमनी विचारलं.

"सांगितलं होतं. मामांना."

रेघमामा सुताच्या बोळ्याने हात पुसत टेबलापाशी आले. ते दोन्ही जॉबांकडे बघत राहिले. कोणता कोणाचा हे विचारावं लागलं नाही.

"आली होती," ते म्हणाले. "ह्याच दारात. मामा, हा माझा नाही म्हणाली. मी म्हटलं, नापास झालेला जॉब कोणाचाच नसतो पोरी. दर वर्षी दहा जण येतात असे."

"मग?"

"मग काय. गेली ती." त्यांनी बोळा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "पुढच्या वर्षी कपाट आवरायला काढलं. जर्नलं निघाली. दर आठवड्याला मीच मापं घ्यायचो आणि ज्याच्या त्याच्या पानावर लिहायचो. एकोणीसचं पान उघडलं तर मापं ह्याची." त्यांनी मॅडमच्या, म्हणजे इतकी वर्षं मॅडमच्या असलेल्या जॉबवर बोट ठेवलं. "तेव्हा उजेड पडला माझ्या डोक्यात. त्या दिवसापासून रेघ."

"मला सांगितलं नाहीत मामा."

"तुम्ही दुसऱ्या वर्षाला गेला होता. फिटिंगला पहिली आलेली मुलगी म्हणून पेपरात फोटो आला होता तुमचा. ती तर गेलीच होती. म्हटलं, एकीचं तरी राहू दे."

हॉस्टेलवर न करमणाऱ्या मुलीचा फॉर्म टेबलाच्या कडेपर्यंत सरकला होता, मामांनी तो हाताने मागे ढकलला.

"मॅडम," गुण्याने विचारलं, "तुम्हाला कधी शंका नाही आली?"

नाही म्हणणं अगदी सोपं होतं. समोरच्या दोघांनीही ते मानलं असतं. मामांनी तर आनंदाने.

"माझ्या जॉबला फट होती," मॅडम म्हणाल्या. "मी जमा केला तेव्हा होती. परत मिळाला तेव्हा नव्हती."

"मग?"

"मला वाटलं, मामांनी हात मारून सुधारून दिला असेल. मुलगी आहे म्हणून."

"आणि हा ओरखडा?"

"तोही नव्हता."

"विचारलं नाही तुम्ही?"

"नाही. तेवीस मार्क होते, पंचवीसपैकी. मी तो कधी फिरवून बघितला नाही."

त्यांना लाज वाटली. सगळ्यांपुढे पकडलं गेल्याची नव्हे. इतकी वर्षं रोज जे हाताशी होतं, तेच न बघण्याची आपण किती काळजी घेतली, त्याची.

गुण्या रागावेल असं त्यांना वाटलं होतं. ती रागावली नाही. ती घरची हकीकत सांगावी तसं सांगत होती. "आजोबांनी हाच उजेडापुढे धरून बघितला होता. म्हणाले, पोरीच्या हातात नाही हे काम. सही करून नाव काढून आणलं. आजोबा गेले चार वर्षांपूर्वी. त्यांना कळायला पाहिजे होतं."

"आई आता काय करते?"

"शिवणाच्या कारखान्यात आहे. मशीन बिघडलं की मेकॅनिक येईपर्यंत तिने नीट केलेलं असतं. वहीत नाव त्याचंच लागतं."

पावणेपाच झाले. मामांनी घड्याळाकडे पाहिलं, मग कोरा फॉर्म गुण्यापुढे सरकवला आणि त्यावर पेन ठेवलं. त्यांना हे असं ताटकळत राहणं सोसेना.

"सही कर चौदा. झालं ते झालं. तीन आहेत, तू चौथी. बेचाळीस पोरी वाट बघत बसल्यात तिकडे."

गुण्याने पेन उचललं. टोपण काढलं. फॉर्मवर नाव, वर्ष, रोल नंबर असे रकाने होते. ती पहिल्या रकान्यावर पेन धरून थांबली. आपल्याला अजूनही ही सही हवी आहे, हे त्यांना कळलं, आणि त्याचंही त्यांना वाईट वाटलं.

"मामा, मी तिथे जाऊन काय सांगू त्यांना?"

"काय म्हणजे? या म्हणायचं. इकडे या, शिका."

"आई आली होती की."

मॅडम काहीतरी बोलणार होत्या. अकरा वर्षं बोलत आल्या होत्या, वाक्यं पाठ होती, पण सगळी त्या जॉबपासून सुरू होत होती.

गुण्याने पेनाला टोपण लावलं आणि ते फॉर्मशेजारी सरळ ठेवलं. "माझ्याने नाही होणार मॅडम."

"बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या.

पाचला भिंतीवरचा फोन वाजला. मॅडमनी उचलला.

"किती?" विभागप्रमुखांनी विचारलं.

"तीन."

"चौथी येतेय का कोणी? पाच-दहा मिनिटं थांबू शकतो मी."

मॅडमनी गुण्याकडे पाहिलं. ती ओढणीच्या तुकड्याची घडी घालत होती.

"नाही सर. शाळेला मी कळवते."

"तुमच्याकडून काही कमी पडलं नाही," ते म्हणाले. आजारी माणूस गेल्यावर म्हणतात त्या सुरात. फोन ठेवून मॅडमनी पोस्टरकडे पाहिलं. ते काढायला स्टूल लागणार होतं. सोमवारी काढू, असं त्यांच्या मनात आलं.

"मी निघू?" गुण्याने विचारलं.

"थांब जरा."

त्यांनी टेबलावरचा चांगला जॉब उचलला आणि आत मामांच्या व्हाइसपाशी गेल्या. कितीतरी दिवसांनी त्या व्हाइसला हात लावत होत्या. जॉब जबड्यात धरला, दांडा फिरवून आवळला, एका हातात छिन्नी घेतली, दुसऱ्यात हातोडी. छिन्नीचं टोक आकड्याखाली टेकवलं आणि हातोडी उचलली.

"एकसष्ट," मागून मामा हळूच म्हणाले. "फिरवा."

मॅडमनी खाली पाहिलं. तेवीस वर्षांच्या सवयीने जॉब व्हाइसमध्ये एकसष्ट वाचता येईल असाच बसला होता. छिन्नी सहाच्या खाली होती.

त्यांनी दांडा सैल केला. जॉब अर्धा फिरवून पुन्हा आवळला. मग नवाच्या खाली छिन्नी टेकवून एकच ठोका मारला. दुसऱ्या तुकड्यावरच्या नवाखालीही एक मारला. रेघा जराशा तिरक्या आल्या. मामांनी एरवी जॉब परत केला असता. आज त्यांनी पुसायला बोळा पुढे केला.

मॅडमनी दोन्ही तुकडे पुसले, एकमेकांत बसवले आणि गुण्याच्या हातात दिले.

"आईला दे."

"काय सांगू?"

मॅडमनी बराच विचार केला. माफी मागायची तर ती अशी पोरीच्या हाती पाठवायची नसते, एवढं त्यांना कळत होतं. स्वतः त्या घराच्या दारात उभं राहायचं बळ आज तरी नव्हतं, हेही कळत होतं.

"सांग, रेघ मारलीय."

गुण्याने जॉब ओढणीच्या तुकड्यात ठेवला. मग गंजलेल्या जॉबकडे बोट केलं. "आणि हा?"

"हा राहू दे. हा माझा आहे."

ती गेली. मॅडम खुर्चीवर बसल्या आणि शाळेच्या मुख्याध्यापिकांना पत्र लिहायला घेतलं. 'अपरिहार्य कारणास्तव' इथपर्यंत लिहून झालं तेव्हा पंख्याने कोरे फॉर्म उडवायला सुरुवात केली. त्यांनी गंजलेला जॉब उचलून गठ्ठ्यावर ठेवला. कागद बसले. वजनात तर काहीच फरक नव्हता.

मामा खिडकी लावायला गेले आणि तिथेच थांबले.

"चौदा बघा," ते म्हणाले.

मॅडम उठून खिडकीशी आल्या. पटांगणाच्या मध्यावर गुण्या उभी होती. पिशवी पायाशी, ओढणीचा तुकडा खांद्यावर. तिने आईचा जॉब दोन्ही हातांनी उतरत्या उन्हापुढे उंच धरला होता आणि एक डोळा मिटला होता. ती तो कडेकडेने फिरवत होती. थांबत होती, पुन्हा फिरवत होती. पोरं तिच्या बाजूने सायकली काढत गेटाकडे निघाली होती. ती हलली नाही.

ती काय शोधत होती हे खिडकीतल्या दोघांनाही ठाऊक होतं. उजेड कुठूनच येणार नव्हता.